सफाईची कंपनी निवडताना दर शेवटी पाहावा, पगारपत्रक आधी

मूळ धागा : सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड पूर्व

आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत सफाईच्या कंत्राटाचा विषय सभेपुढे आला की तीन दरपत्रके वाचून दाखवली जातात, सर्वांत कमी आकडा ज्या कंपनीचा असेल तिच्या बाजूने हात वर होतात आणि पुढचा विषय सुरू होतो. ही पद्धत चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनी आपल्या माणसांना पगार कसा देते हे आधी पाहावे, त्यात जी उतरेल तिच्या कामाची चौकशी करावी आणि दराची तुलना शेवटी करावी.

सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याप्रमाणे परवाना काढावा लागतो. हाउसकीपिंगच्या धंद्यात शिरताना तशी चाळणी लागत नाही. एक लेटरहेड आणि एक टेम्पो असला तरी कोणीही कंपनी म्हणून उभा राहू शकतो. त्यामुळे ती चाळणी व्यवस्थापक समितीलाच लावावी लागते.

दरपत्रकातला माणशी दर काय सांगतो ते पाहा. हिशेबापुरता कामगाराचा मासिक पगार १५,००० रुपये धरू. (मुंबईसाठी प्रत्यक्ष किमान वेतन किती ते मूळ दर आणि जानेवारी व जुलैपासून लागू होणारा विशेष भत्ता मिळवून काढावे.) भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा प्रशासकीय शुल्क आणि विम्यासह १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे सुमारे ४८८. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५०. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदली माणसाचा खर्च धरला की हा आकडा २१,५०० च्या पुढे जातो, आणि कंपनीचा नफा, साहित्य व १८ टक्के जीएसटी त्यानंतर येतात. अशा वेळी एखादी कंपनी सर्व मिळून १७,००० रुपये लिहून देत असेल, तर उरलेली रक्कम कामगाराच्या पगारातून जाणार किंवा कागदावरची आठ माणसे प्रत्यक्षात पाच येणार.

म्हणून मागील तीन महिन्यांची निर्वाह निधीची चलने (रक्कम भरल्याच्या पावत्या) कामगारांच्या नावांच्या यादीसह मागवावीत आणि ती नावे त्या कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या इमारतीतल्या हजेरीपटाशी ताडून पाहावीत. जी कंपनी ही यादी द्यायला टाळाटाळ करते तिचे दरपत्रक उघडूच नये.

प्रतिसाद : खजिनदार, जुनी इमारत, दादर पश्चिम

सचिव महोदय, आपली कळकळ समजते, पण आपण मांडलेला हिशेब मोठ्या संकुलांचा आहे. आमच्या इमारतीत चोवीस घरे आहेत, उद्वाहन नाही, आणि जिने, अंगण व कचऱ्याचे डबे हे एकाच माणसाचे सकाळच्या चार तासांचे काम आहे. आमचा कंत्राटदार लहान आहे. त्याच्याकडे दहापेक्षा कमी माणसे असल्याने राज्य विमा आणि निर्वाह निधी हे दोन्ही कायदे त्याला लागू होत नाहीत, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तो जीएसटीही लावत नाही. तो पगार वेळेवर देतो, त्याचा माणूस अनेक वर्षे तोच आहे आणि जिना स्वच्छ असतो. आपली चाळणी लावली तर हा प्रामाणिक माणूस पहिल्याच फेरीत बाद होईल आणि एखादी मोठी कंपनी १८ टक्के कर लावून आत येईल. आमची संस्था जीएसटीत नोंदलेली नसल्याने त्या कराची वजावटही आम्हाला मिळणार नाही.

दुसरे असे की आमच्या सभासदांत निवृत्तिवेतनावर जगणारी मंडळी बरीच आहेत. देखभाल शुल्कात दरमहा तीनशे रुपयांची वाढ झाली तरी त्यांच्या घरखर्चावर तिचा परिणाम होतो. कामगार कायद्यांची तपासणी करण्यासाठी शासनाने खाते नेमले आहे. समितीने सफाई तपासावी, कारण सभासदांनी तिला त्यासाठीच निवडले आहे.

प्रतिसाद : इस्टेट मॅनेजर, व्यापारी व निवासी इमारती, अंधेरी पूर्व

खजिनदारांचा लहान कंत्राटदाराबद्दलचा मुद्दा मला पटतो. परंतु आपण दोघेही कंत्राट कोणाला द्यावे यावरच बोलत आहात आणि कंत्राटात काय लिहावे हा प्रश्न बाजूला राहतो. माझ्याकडे भाड्याने दिलेली कार्यालये आणि दोन निवासी संकुले आहेत. सफाई बिघडण्याचे मुख्य कारण मला वारंवार एकच दिसले आहे : करारात माणसांची संख्या लिहिलेली असते, काम लिहिलेले नसते. ‘आठ माणसे, एक सुपरवायझर’ एवढ्या ओळीवर लाखो रुपयांचे करार होतात. मग लिफ्टच्या दाराची खाच, फायर डक्ट (आग विझवण्याच्या पाइपांची उभी पोकळी), मीटर रूम, रेफ्युज मजला (आगीच्या वेळी आसरा घेण्यासाठी मोकळा ठेवलेला मजला) आणि गच्चीवरील पावसाळी पाण्याच्या जाळ्या कोणाच्याच वाट्याला येत नाहीत, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत गच्चीवर पाणी साचले की वाद सुरू होतो. प्रत्येक जागा, तिथले काम आणि ते किती दिवसांनी करायचे याचे परिशिष्ट समितीने निविदेआधी स्वतः तयार करावे आणि सर्व कंपन्यांना त्याच परिशिष्टावर दर मागावा. तसे केल्याशिवाय तीन दरपत्रकांची तुलना होऊच शकत नाही, कारण ती तीन वेगवेगळ्या कामांची असतात.

कंपनीची पारख करायची असेल तर तिच्या चालू कामावर पूर्वसूचना न देता सकाळी अकराच्या सुमारास जावे. लॉबी पाहण्यात अर्थ नाही, ती सगळेच चमकवतात. तळघरातले स्वच्छतागृह आणि साहित्याची खोली पाहावी. स्वच्छतागृहाचे पोछे लाल, पॅन्ट्रीचे हिरवे आणि इतर जागांचे निळे असे वेगळे ठेवलेले आहेत का, की एकच पोछा सगळीकडे फिरतो, हे तिथे कळते. रसायनांचे डबे सीलबंद येतात का आणि पाण्यात किती प्रमाणात मिसळायचे हे कामगाराला सांगता येते का, तेही विचारावे. ॲसिडने संगमरवर आणि कोटा फरशी कायमची खराब होते, आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वच्छतागृहात तो जिवावर बेततो. ज्या सुपरवायझरला हे ठाऊक नाही त्याची कंपनी मी घेत नाही, मग तिची चलने कितीही नीट असोत.

प्रतिसाद : मूळ धागा लिहिणारे सचिव

परिशिष्टाची सूचना मी पूर्णपणे मान्य करतो. खजिनदारांच्या लहान कंत्राटदाराबाबत माझी अट थोडी बदलतो : चलने लागू नसतील तर पगार बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा पाहावा. मात्र कामगार कायद्यांची तपासणी शासनाने करावी, समितीने नव्हे, हे मला मान्य नाही. ठरावीक कामगारसंख्येच्या आस्थापनांत कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे ज्याच्या जागेत काम चालते त्याच्यावर, येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक वस्तुस्थिती उरते. मुंबईत कंत्राट बदलते तेव्हा बहुतेक वेळा माणसे बदलत नाहीत. जुन्या कंपनीच्या बायका आणि पुरुष नव्या कंपनीचा गणवेश घालून दुसऱ्या दिवशी त्याच मजल्यावर हजर होतात. म्हणजे नवी कंपनी निवडताना आपण प्रत्यक्षात तीनच गोष्टी निवडतो : सुपरवायझर, साहित्य आणि पगार देण्याची रीत. त्यांतली तिसरी बिघडली की जुलैमध्ये गाड्या बंद पडलेल्या दिवशी नालासोपारा किंवा कळव्याहून निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून घरी परततो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

प्रतिसाद : समिती सदस्या, कांदिवली पूर्व

माणसे तीच राहतात हे खरे असेल तर मधली कंपनी हवीच कशाला, हा माझा सरळ प्रश्न आहे. दर अकरा महिन्यांनी करार बदलतो, प्रत्येक वेळी कामगाराची नेमणूक नव्याने होते, आणि ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग सेवा कागदावर कधी पूर्णच होत नाही. आमच्या संकुलात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या ताईंच्या नावावर कोणत्याच कंपनीत पुरेशी सेवा नाही. संस्थेने त्यांना थेट नेमावे, निर्वाह निधी व विमा स्वतः भरावा आणि कंपनीचा नफा व १८ टक्के कर वाचवावा. त्यातूनच त्यांना चांगला पगार देता येईल.

प्रतिसाद : इस्टेट मॅनेजर, अंधेरी पूर्व

ताई, आपला विचार न्याय्य आहे, पण तो निभावणार कोण याचा विचार करावा. थेट नेमणुकीत रजा, बदली माणूस, बोनस, हजेरी, शिस्तीची कारवाई आणि महिला कामगाराच्या तक्रारीची दाद हे सारे समितीकडे येते, आणि समितीतले सदस्य आपापल्या नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी भेटणारे असतात. पगारी व्यवस्थापक असलेल्या संकुलात हे जमू शकेल, इतरत्र दोन वर्षांत विस्कटेल. त्यापेक्षा कंपनी बदलली तरी जुन्या माणसांना त्याच पगारावर सामावून घेण्याची आणि सोडणाऱ्या कंपनीने त्यांची सर्व देणी चुकती केल्याशिवाय शेवटचे बिल न देण्याची अट करारात घालावी. पहिले तीन महिने चाचणीचे ठेवावेत, त्यानंतर दोन्ही बाजूंना तीस दिवसांची नोटीस असावी, आणि बिलातली वजावट गैरहजेरीइतकीच न झालेल्या कामासाठीही व्हावी.

प्रतिसाद : खजिनदार, दादर पश्चिम

बँक खात्याच्या पुराव्याची अट आम्हाला पाळता येईल. समितीने कंत्राटदाराच्या पगारपत्रकात डोकावावे हे मला अजूनही पटलेले नाही, पण शेवटचे बिल रोखण्याची अट चांगली आहे, कारण ती राबवायला आमच्याकडे वेगळी यंत्रणा लागत नाही.

प्रतिसाद : मूळ धागा लिहिणारे सचिव

परिशिष्ट तयार करणाऱ्यांनी त्यात काय लिहू नये हेही ठरवावे. ड्रेनेजचे चेंबर, मलटाकी आणि पाण्याच्या टाक्या ही कामे हाउसकीपिंगच्या यादीत ‘इतर कामे’ म्हणून सर्रास टाकली जातात. गटारात किंवा मलटाकीत धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती संस्थेलाही लागू आहे. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी ठरवून दिली. पाण्याची टाकी निर्धोक वाटते, पण मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्यू पावले. ही कामे यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित माणसे असलेल्या वेगळ्या कंत्राटदाराकडेच द्यावीत, आणि जी सफाई कंपनी ‘आमचा मुलगा उतरेल’ असे म्हणेल तिला त्याच बैठकीत नकार द्यावा.