डीप पर्पल: गायक गिलन गेल्यानंतरचे अल्बम ऐकावे का थेट १९८४ ला जावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा, नोकरी लातूरला, रोजचं येणंजाणं बसनी. चार महिन्यांपासून डीप पर्पल हा इंग्लंडचा रॉक बँड ऐकायलोय आणि आता एका जागी अडकलोय.

हॉस्टेलात असताना एक जण गिटारवर सारखं स्मोक ऑन द वॉटरचे ते चार सूर वाजवायचा, तेवढंच माहीत होतं, मला कित्येक वर्षं वाटायचं या लोकांचं हे एकच गाणं. मग एकदा बसमधी मशीन हेड (१९७२) पहिल्यापासून लावला, अन् त्यातल्या लेझी गाण्याच्या सुरवातीला जे गुरगुरतं ते मला गिटारच वाटलं. नंतर वाचलं की तो बँडातल्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवरचं पट्ट्यांचं वाद्य), अन् तो त्यानं गिटारच्या मार्शल ॲम्पमधून काढलाय. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, बोटं पट्ट्यांवरच असतात, त्यामुळं हे कळल्यावर मला दुसरं काही सुचंना.

तिथून मागं गेलो. इन रॉक (१९७०), त्याच्या कव्हरवर डोंगरात कोरलेले पाच चेहरे, आमच्या हत्तीखान्यात (डोंगरात कोरलेली लेणी) लहानपण गेलेल्या माणसाला ते आवडणारच. चाइल्ड इन टाइम दहा मिनिटांचं, सुरवातीला नुसता ऑर्गन, एकदम हळू, मग गिलन शब्द सोडून नुसत्या आवाजानं वर वर चढत जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेणापूर कधी मागं पडलं कळलंच नाही. गुरुवारी भजन उरकल्यावर ते सुरवातीचे सूर पेटीवर काढून बघितले तर बसले की बरोबर! मृदंगवाले काका म्हणाले, हे कोणतं पद रे.

मग फायरबॉल (१९७१), मग हू डू वी थिंक वी आर (१९७३). इथं गाडी थांबली, कारण १९७३ लाच गिलन आणि बास गिटारवाला ग्लोव्हर दोघंबी बाहेर पडले. बर्न (१९७४) मधी गायक वेगळे. माझं मन होईना. हे मधले अल्बम ऐकावे का थेट परफेक्ट स्ट्रेंजर्स (१९८४) लावावा? आणि १९६८-६९ चे पहिले तीन, रॉड इव्हान्सवाले, ते कधी? अजून एक, फायरबॉलच्या अगदी सुरवातीला घर्रर्र असा आवाज येतो, माझी फाईल खराब हाय का?

प्रतिसाद

दादा, फाईल चांगली हाय. तो स्टुडिओतल्या एअर कंडिशनिंगच्या मशीनचा आवाज, मुद्दाम रेकॉर्ड करून घातलेला.

बर्न सोडू नका, कळकळीनं सांगतो. गायक बदलले, कव्हरडेल अन् ग्लेन ह्यूज (बासबी तोच वाजवतो), पण तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो लॉर्ड तिथंच हाय, बर्न गाण्यात गिटारनंतर त्याची पाळी येती ती ऐका. बर्ननंतरचा स्टॉर्मब्रिंगर जरा फंककडं (नाचायच्या ठेक्याच्या संगीताकडं) झुकलाय, तो मागून ऐकला तरी चालतंय. पण ह्या सगळ्याच्या आधी मेड इन जपान ऐका, ऑगस्ट १९७२ मधी ओसाका अन् टोकियोत लाइव्ह रेकॉर्ड केलेला. त्यात स्पेस ट्रकिन वीस मिनिटांच्या आसपास चालतंय अन् ऑर्गन नुसता पेटलेला. मग बर्न, मग परफेक्ट स्ट्रेंजर्स, त्यात मशीन हेडचेच पाची जण परत आलेत अन् त्या नावाचं गाणं ऑर्गननंच उघडतंय. पहिले तीन सगळ्यात शेवटी.

पेटीवाले हाव म्हणून सांगतो, हॅमंडात भाता नसतो, हवाच नसती. आत दातेरी लोखंडी चक्रं फिरतेत, शेजारी चुंबक अन् तारेचं वेटोळं, त्यातून सूर निघतो. आणि चाइल्ड इन टाइमची ती चाल त्यांनी दुसऱ्या एका बँडच्या बॉम्बे कॉलिंग नावाच्या गाण्यावरून उचलली, हे गिलननं स्वतः सांगितलेलं हाय.

धागाकर्ता

लई आभार भाऊ. काल रात्री मेड इन जपान लावला, स्पेस ट्रकिन दोनदा ऐकलं, आज जाताना परत. सोमवारपासून बर्न. आता एकच सांगा, कुणालाबी माहीत असंल तर, खरा हॅमंड समोर बसून ऐकायला संभाजीनगरात नाहीतर पुण्यात कुठं मिळंल का? एक दिवस सुट्टी टाकून येतो.