विमानं नुसती उभी होती तर एवढा तोटा कसा काय?

टेंपोवाला_नगर:
काल जेवताना मेव्हण्याशी वाद झाला. तो म्हणे कोविडनी विमान कंपन्यांचं कंबरडं मोडलं. माझं म्हणणं, २५ मार्च ते २५ मे २०२० देशातली विमानं उडालीच नाहीत, मग डिझेल की काय ते इंधन पण वाचलंच की! माझा स्वतःचा टेंपो आहे, भाडं नसलं की दारात लावतो, फार तर बॅटरी उतरते. कुणी नीट सांगेल का?

खिडकी_सीट:
भाऊ, टेंपोचा हप्ता थांबतो का? आपल्याकडची बरीचशी विमानं भाड्याची असतात, म्हणजे लीजवर, आणि ते भाडं डॉलरमधे. उडो न उडो, मीटर चालूच. वर पगार, पार्किंग, इन्शुरन्स. आणि आपल्याकडे नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं तर थेट २७ मार्च २०२२ला सुरू झाली, दोन वर्षं हो! आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिच्या हिशोबाने २०२०मधे जगभरची प्रवासी वाहतूक आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ ६६ टक्के कमी झाली.

टेंपोवाला_नगर:
हप्त्याला मोरॅटोरियम, म्हणजे काही महिने न भरायची सवलत, मिळालं होतं आम्हाला 😀 पण पॉइंट कळला.

रनवे२७:
मी मेंटेनन्सला आहे, मुंबईत. उभं विमान म्हणजे उभा खर्च. चाकं एकाच जागी राहिली की टायर खालून चपटा होतो म्हणून ठरावीक दिवसांनी विमान थोडं ढकलून चाक फिरवायचं, इंजिनाला पुढून मागून कव्हर, आत ओल शोषायची पाकिटं, ती रंग बदलली की बदलायची, आणि वर मुंबईचा पावसाळा. सगळ्यात वैताग कुंभारीण माशीचा. विमानाचा वेग मोजायला नाकाजवळ बोटाएवढी नळी असते, पिटोट म्हणतात, कव्हर जरा सैल राहिलं की ही बया आत मातीचं घर बांधून मोकळी. नळी बुजली की कॉकपिटमधे वेग चुकीचा दिसतो. २०२०मधे युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने यावर खास इशारा काढला होता.

तिकीट_खिडकी:
एवढं रडू नका कंपन्यांसाठी. माझी छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे, एप्रिल २०२०ची तिकिटं रद्द झाली तेव्हा पैसे परत मागितले तर उत्तर काय, क्रेडिट शेल घ्या, म्हणजे पैसे कंपनीकडेच जमा, पुढच्या तिकिटाला वापरा. लोक माझ्या दारात. १ ऑक्टोबरला परताव्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हा जरा हातपाय हलले, तोवर मी आईच्या एफडीतून दोघातिघांना पैसे दिले होते.
आणि तिकिटाला सरकारनी खालची मर्यादा पण घातली होती हे विसरतात सगळे, दिल्ली-मुंबई सुरुवातीला ३५०० ते १०,०००. स्वस्तात विकायचं म्हटलं तरी बंदी.

खिडकी_सीट:
ती खालची मर्यादा कमजोर कंपन्या टिकाव्यात म्हणून होती ना? नाहीतर मोठ्या कंपनीने भाव पाडून बाकीच्यांना संपवलं असतं.

तिकीट_खिडकी:
असेल. माझं गिऱ्हाईक मात्र ट्रेननी गेलं.

टेंपोवाला_नगर:
रनवे साहेब, त्या माशीचं घर काढायचं कसं? काडीनी खरवडून?

रनवे२७:
काडी घातली तर माझी नोकरी जाईल 😂 माती आत सरकते ना. नळीला जोडलेली लाईन सोडवून साफ करायची, मग लीक टेस्ट, मग सही. तुमच्या सायलेन्सरला चालेल काडी.