फक्त मोबाईलवरून नवा वाय-फाय राउटर सुरू करायचाय, पण राउटरचं पान उघडतच नाही

शेवंती:

नमस्कार मंडळी. घरात कॉम्प्युटर, लॅपटॉप काहीही नाही. जे करायचं ते माझ्या अँड्रॉइड फोनवरूनच. इंटरनेट कंपनीचा माणूस भिंतीवर छोटा पांढरा डबा बसवून गेला, त्यात फायबरची वायर येते. राउटर मी वेगळा विकत आणलाय. "तो तुमचा तुम्ही जोडून घ्या" असं सांगून त्याने एका कागदावर युजरनेम आणि पासवर्ड लिहून दिला.

आता अडलंय कुठे ते सांगते. डब्यातून निघणारी केबल राउटरच्या निळ्या पोर्टमध्ये लावली. फोनमध्ये राउटरचं नाव दिसतं, खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड घातला की 'कनेक्टेड' येतं, पण त्याखाली 'इंटरनेट नाही'. स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की बराच वेळ चाक फिरतं आणि शेवटी 'साइटवर पोहोचता येत नाही'. कधी कधी तर सरळ गूगलचे शोधनिकालच समोर येतात. राउटरचं ॲप घेतलं तर ते आधी खातं उघडायला लावतं आणि मग म्हणतं, राउटर सापडला नाही. पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र असलेला दिवा नारिंगीच आहे. कंपनीच्या माणसाने दिलेला कागद नक्की कुठे वापरायचा तेही कळत नाहीये.

आई माझ्याकडे राहायला येतेय. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं व्हिडिओ कॉलवर होतं आणि तिच्या खोलीत मोबाईलची रेंज जेमतेम एक कांडी असते, म्हणून घाई आहे. राउटर खराब निघालाय का? बदलून घेऊ? की हे लॅपटॉपशिवाय होतच नाही?

ओंजळ:

मागे बारीक छिद्र असेल, त्यात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. रीसेट होईल. मग पहिल्यापासून करून बघा.

तारायंत्र:

ताई, राउटर बदलू नका. लक्षणांवरून तो ठणठणीत दिसतोय. रीसेटही आत्ता नको: कोरा करकरीत राउटर पुसून हाती काही लागणार नाही. राउटरच्या आत शिरायचा (ॲडमिन) पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तेव्हा रीसेट कामाचा. आणि लॅपटॉप अजिबात लागत नाही. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे अशा कितीतरी घरांत मी ही जोडणी करून दिली आहे, आणि बहुतेक जण तुम्ही अडकलात तिथेच अडकतात.

यात दोन वेगवेगळे सांधे आहेत. एक तुमचा फोन आणि राउटर यांच्यातला, दुसरा राउटर आणि इंटरनेट कंपनी यांच्यातला. 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' याचा अर्थ पहिला जुळलाय, दुसरा जुळायचाय. नव्या राउटरवर असंच दिसतं, त्यात बिघाड काही नाही. दुसरा सांधा जुळवायला जे लागतं ते तुमच्या कागदावर आहे, आणि ते भरायची जागा राउटरच्या त्या न उघडणाऱ्या पानावर आहे.

पान उघडत नाही ते फोनच्या हुशारीमुळे. वाय-फायवर इंटरनेट नाही असं लक्षात आलं की फोन वाय-फायला जोडलेला दिसत राहतो, पण प्रत्यक्षातली ये-जा मोबाईल डेटावर वळवतो. तुम्ही १९२.१६८.०.१ मागता आणि ती मागणी जाते मोबाईलच्या टॉवरकडे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या, ऑफिसातल्या अंतर्गत जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्याचा आजचा नियम १९९६ मध्ये ठरला. बाहेरच्या इंटरनेटवर ते पत्ते कुणालाच दिलेले नाहीत, त्यामुळे तिकडून उत्तर यायचा प्रश्नच नाही. राउटर तुमच्यासमोर टेबलावर असतो आणि तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत गेलेलाच नसतो.

तेव्हा आधी मोबाईल डेटा बंद करा. व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) चालू असेल तर तेही बंद. मग राउटरच्या वाय-फायला जोडा. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?' असं फोन विचारेल, त्याला 'हो' म्हणा. ही सूचना पुष्कळदा वरच्या नोटिफिकेशनमध्ये दडून बसते आणि लोक ती बाजूला सारून टाकतात.

आता गूगलचे शोधनिकाल का येतात ते. तुमचा कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडेही देवनागरी उमटतात, आणि ब्राउझर तो पत्ता न मानता शोधायचा मजकूर समजतो. मी इथे देवनागरी आकडे लिहितोय, तिथे मात्र कीबोर्ड इंग्रजीवर घेऊनच टाका. मध्ये स्पेस नको. पत्त्याआधी एचटीटीपी ही चार इंग्रजी अक्षरं, मग कोलन आणि दोन तिरप्या रेघा दिल्यात तर ब्राउझरचा गोंधळ होत नाही.

पत्ता बरोबर आहे का हे फोनच सांगतो. सेटिंगमध्ये वाय-फाय, तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी, तपशिलात 'गेटवे' नावाची ओळ असते. आयफोनमध्ये तीच 'राउटर' या नावाने दिसते. स्टिकरवर काहीही छापलेलं असो, खरा पत्ता तो. पान उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला आणि पत्ता गेटवेचाच असेल, तर पुढे जायला हरकत नाही. बाहेरच्या संकेतस्थळांकडे असतं तसं प्रमाणपत्र घरच्या राउटरकडे सहसा नसतं.

पान उघडलं की सर्वांत आधी राउटर ॲडमिन पासवर्ड ठरवायला लावेल. इथे जरा थांबा आणि कागद-पेन घ्या. तुमच्याकडे आता तीन पासवर्ड होणार आहेत: राउटरच्या आत शिरायचा ॲडमिन पासवर्ड, पाहुण्यांना सांगायचा वाय-फायचा पासवर्ड आणि कंपनीने दिलेला. प्रत्येकासमोर तो कशाचा ते लिहा. वर्षभराने राउटरशी झटापट होते ती बहुतेकदा या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे, म्हणून मी प्रत्येक घरी हा कागद करूनच निघतो.

मग 'इंटरनेट' किंवा 'वॅन' (राउटरची बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू) असं लिहिलेला भाग उघडा. कनेक्शनचा प्रकार विचारेल. तुम्हाला युजरनेम-पासवर्ड दिलाय त्याअर्थी तो जवळजवळ नक्की 'पीपीपीओई', म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीशी जोडायचा प्रकार, असणार. तो निवडा आणि कागदावरचं जसंच्या तसं उतरवा. युजरनेममध्ये ॲट चिन्ह आणि त्यापुढे काही असेल तर तेही त्याचाच भाग आहे. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सांभाळा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, नीट बघा. हाताने लिहिलेल्या कागदावर शून्य आणि ओ, एक आणि एल सारखेच दिसतात; शंका असेल तर कंपनीला फोन करून एकेक अक्षर वाचून घ्या. 'व्हीलॅन' अशी चौकट दिसली आणि तुम्हाला आकडा दिलेला नसेल तर ती सोडून द्या. सेव्ह करा, एक-दोन मिनिटं थांबा. दिव्याचा नारिंगी रंग गेला पाहिजे.

ॲपबद्दल: अँड्रॉइडमध्ये आजूबाजूची वाय-फाय शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते आणि फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. तुमचं ॲप त्यामुळेही आंधळं झालं असेल. आयफोनवर याजागी 'लोकल नेटवर्क'ची परवानगी असते. मला स्वतःला ब्राउझरचं पानच बरं वाटतं, त्याला बाहेरचं खातं लागत नाही.

शेवंती:

तारायंत्र दादा, पान उघडलं! मोबाईल डेटा बंद केला आणि दोन सेकंदांत आलं. पीपीपीओईमध्ये कागदावरचं भरलं, दिवा हिरवा झाला, हा मजकूर वाय-फायवरूनच लिहितेय.

आता तीन शंका. वाय-फायचं नाव-पासवर्ड बदलून सेव्ह केलं की फोन तुटतो, हे ठीक आहे ना? '५ जी' लावलेलं नाव गायब झालं होतं, थोड्या वेळाने आपोआप आलं, ते का? आणि आईच्या जुन्या टॅबलेटला नाव दिसतं पण जोडताच येत नाही. पासवर्ड बरोबर आहे, पुन्हा पुन्हा तपासला. ती व्हिडिओ कॉल त्याच्यावरूनच करते.

तारायंत्र:

छान झालं ताई!

फोन तुटणारच, कारण तो ज्या नावाला जोडला होता ते नावच तुम्ही बदललंत. नव्या नावाला नव्या पासवर्डने जोडा की झालं. नाव देवनागरीतही ठेवता येतं, पण जागा फक्त ३२ बाइटची असते आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. 'आमचं घर' बसतं, 'शेवंतीचं घरकुल' बसत नाही. जुन्या उपकरणांवर अशा नावाच्या जागी नुसते चौकोन उमटू शकतात, म्हणून मी इंग्रजी अक्षरांतलं नाव सुचवेन. पासवर्ड मात्र इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांचाच लागतो, ८ ते ६३ अक्षरांचा. असंबद्ध असे चार-पाच शब्द ओळीने जोडलेत तर आईंना सांगायलाही सोपा जाईल.

'५ जी' म्हणजे इथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. या पट्ट्यातले काही चॅनल (पट्ट्याचे छोटे भाग) रडारही वापरतात. अशा चॅनलवर बोलायला लागण्याआधी राउटरने किमान ६० सेकंद नुसतं ऐकत राहायचं, जवळपास रडार नाही ना याची खात्री करायची, असा नियम आहे. तेवढा वेळ नाव दिसत नाही. सेटिंग बदललं किंवा वीज जाऊन आली की हे पुन्हा होईल, घाबरू नका.

टॅबलेटचं कारण मला सुरक्षेच्या प्रकारात दिसतंय. वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी' बघा, तिथे बहुधा फक्त 'डब्ल्यूपीए३' असेल. हा प्रकार २०१८ मध्ये आला, त्याआधीच्या बऱ्याच उपकरणांना तो कळत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा. त्यानेही जमलं नाही तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस (ही माहिती सांकेतिक करायची पद्धत). याच्या खाली मात्र उतरू नका. 'डब्ल्यूईपी' (जुना, सहज फुटणारा प्रकार) किंवा 'ओपन' (बिनपासवर्डचं) कुणीही सुचवलं तरी नको.

तिथेच असाल तर 'डब्ल्यूपीएस' (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करून टाका. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच निघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्ये उघड झालं आणि तरीही ती सोय राउटरमध्ये अजून सापडते. 'रिमोट मॅनेजमेंट'ही (बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय) बंदच ठेवा. फर्मवेअरचा (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आला असेल तर तो आजच घ्या, मात्र तो चालू असताना वीज तोडू नका.

पाऊलवाट:

दोन गोष्टींची भर. एक, ज्यांच्याकडे भिंतीवरचा डबा स्वतःच राउटरचं काम करतो आणि पीपीपीओई त्याच्यातच भरलेलं असतं, त्यांनी नव्या राउटरमध्ये ते पुन्हा भरू नये. तिथे नवा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' (नुसतं वाय-फाय पुरवायच्या) मोडवर टाकावा. तसं केलं नाही आणि दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच निघाला तर दोघं एकमेकांच्या आड येतात.

दुसरं आईच्या खोलीबद्दल. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे जास्त पोहोचतो, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला लवकर हरतो. राउटर जमिनीवर किंवा कपाटात नको. उंचावर, मोकळ्यावर, त्या खोलीच्या दिशेने जितका सरकवता येईल तितका सरकवा. धातूचं कपाट, फ्रिज, मोठा आरसा मध्ये येऊ देऊ नका. शेजारी पुष्कळ वाय-फाय असतील तर २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत.

शेवंती:

मिश्र पर्याय ठेवल्यावर टॅबलेट लगेच जोडला गेला! राउटर दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर फळीवर ठेवलाय. आईच्या खोलीत आता तीन कांड्या आहेत. साधा फोन मात्र तिथे अजून तुटक येतो, त्याला काही करता येईल का?

तारायंत्र:

येईल. फोनच्या सिमकार्डाच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' शोधा. फोन आणि मोबाईल कंपनी दोघांकडे ती सोय असेल तर साधे कॉलही राउटरमधून जातील, टॉवरची रेंज नसली तरी. आईंच्या फोनवरही सुरू करा आणि त्या खोलीत बसून स्वतः एक कॉल लावून बघा.

एक काळजी घ्या. वीज गेली की राउटर आणि भिंतीवरचा डबा दोन्ही बंद पडतील, आणि मग त्या खोलीतून फोनही लागणार नाही. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा. बऱ्याच राउटरना १२ व्होल्ट लागतात, पण ९ व्होल्टचेही असतात. आणि डबा विसरू नका, नुसता राउटर चालू राहून उपयोग नाही. आईंना हृदयाचा त्रास आहे, तेव्हा हे त्या यायच्या आधीच करून घ्या.