'पंखे पुरून उरतात' म्हणणाऱ्यांनी एकदा मे-जूनमध्ये नागपूरला राहून पाहावं

ऑरेंज_सिटी

"आपल्या हवामानात कस्टम लूप म्हणजे निव्वळ पैशाचा माज. 5090 असो की आणखी काही, कंपनीने दिलेले पंखे पुरून उरतात." परवा ग्राफिक कार्डांच्या धाग्यावर एका सदस्यांनी हे लिहिलं आणि खाली सहमतीची रांग लागली. (कस्टम लूप म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने गार करायला स्वतः जुळवलेली नळ्या, पंप, रेडिएटरची जोडणी. 5090 हे एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड.) तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

मी नागपूरला घरूनच आर्किटेक्ट लोकांसाठी वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणारे व्हिडिओ, रेंडर करतो. गेम खेळणाऱ्याचं कार्ड थोडा वेळ तापतं आणि निवतं. माझं संध्याकाळी कामाला लागतं ते सकाळीच थांबतं. 5090 चे 575 वॅट, 7950एक्स प्रोसेसरचे पूर्ण भारावर 230, म्हणजे 800 वॅट रात्रभर एका दहा बाय बाराच्या खोलीत, आणि त्याच खोलीत मला झोपायचं असतं. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून डेझर्ट कूलर तरी साथ देतो. मृगाचे ढग आले की तोही नुसता दमट वारा फेकतो. त्या रात्री कार्डाचे पंखे कसे बोंबलतात ते 'पुरून उरतात' म्हणणाऱ्यांनी ऐकलेलं नाही.

म्हणून पाणी. पण कॅबिनेटच्या छताला एक 360 मिलिमीटरचा, तीन पंख्यांचा रेडिएटर टांगून भागणार नाही. आवाज कमी हवा असेल तर 120 मिलिमीटरच्या एका पंख्यामागे साधारण 100 वॅट धरतात. मला आठ पंखे लागतात, आणि कॅबिनेटात दोन 360 कोंबले तरी सहाच होतात. तेव्हा जर्मनीचा तो बाहेर ठेवायचा मोठा रेडिएटर, मो-रा, 140 चे नऊ पंखे लागणारा, भिंतीपलीकडच्या पॅसेजमध्ये. भिंतीला एक भोक, आतून 10 आणि बाहेरून 16 मिलिमीटरच्या काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या, दोन्ही टोकांना झटकन जोडता-सोडता येणारे क्विक डिस्कनेक्ट, डी5 जातीचे दोन पंप. रंगीत पाणी नको, दिवे नकोत, काच नको. उष्णता खोलीबाहेर नेऊन टाकायची आहे, आणि हे काम कॅबिनेटातला हवेचा कोणताही कूलर करू शकत नाही.

पौड_फाटा

तो प्रतिसाद माझाच. शब्दांवर ठाम आहे.

तुम्ही 800 वॅट गृहीत धरून पुढचं सगळं रचलंय. ते 800 कमी करता येतात हे कुठेच नाही. कार्डाची पॉवर लिमिट 575 वरून 430 ला आणा, रेंडरचा वेळ दहा टक्क्यांच्या आतच वाढतो. 7950एक्सला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 105 चा इको मोड लावा, नाव 105 चं असलं तरी तो 142 वॅटवर थांबतो. झाले 570. एक रुपया न घालता सव्वादोनशे वॅट उष्णता जन्मालाच आली नाही. तुमचा रेडिएटर, ब्लॉक (मूळ कूलरच्या जागी चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा धातूचा ठोकळा), पंप, फिटिंग, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब लाखाच्या घरात जातो. त्या पैशात दीड टनाचा इन्व्हर्टर एसी येतो आणि पैसे उरतात. एसी माणसालाही गार करतो, लूप फक्त यंत्राला.

आणि 95 अंश पाहून छाती धडधडणाऱ्यांसाठी: तो प्रोसेसर एएमडीने 95 ला चालण्यासाठीच बनवलाय.

ऑरेंज_सिटी

पॉवर लिमिट मलाही ठाऊक आहे. रेंडर दहा टक्क्यांनी लांबलं की सकाळी नऊची डिलिव्हरी दहाला जाते आणि क्लायंटचा फोन साडेनऊला येतो. ज्याचं पोट यंत्राच्या वेगावर आहे त्याला 'थोडं हळू चालवा' हा सल्ला देणं सोपं असतं.

एसीचं म्हणाल तर, दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या आसपास, त्यातला सहावा-सातवा हिस्सा कॉम्प्युटरच खाणार. ती उष्णता आधी खोलीत ओतायची आणि मग वीज जाळून बाहेर काढायची, यात शहाणपण कुठलं?

हमीपत्र

दोघेही मूळ प्रश्न सोडून बोलताय. काही लाखांच्या कार्डाचा मूळ कूलर उचकटल्यावर वॉरंटीचं काय?

माझ्या आधीच्या कार्डाला ब्लॉक बसवला होता. पुढे मेमरीची चिप गेली. पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता, बोर्ड कोरडा खडखडीत होता. मूळ कूलर परत लावून सर्व्हिस सेंटरला नेलं. समोरच्या मुलाने भिंगातून स्क्रूवरचा स्टिकर पाहिला आणि पावती परत सरकवली. वरच्या साहेबांना भेटतो म्हटलं, ते जेवायला गेले होते. बिल हातात, तीन वर्षांची वॉरंटी चालू, आणि एका कागदाच्या टिकलीवर सगळं संपलं. अमेरिकेत 2018 साली फेडरल ट्रेड कमिशनने असल्या स्टिकरांवरून कंपन्यांना ताकीद दिली होती. आपल्याकडे ग्राहकाने आयोगात जाऊन खेटे घालायचे. ब्लॉक लावायचाच असेल तर विक्रेत्याकडून 'कूलर काढल्यास वॉरंटी राहील' हे ईमेलवर लेखी घ्या, तोंडी नाही. बाकी पाणी-हवा नंतर.

स्टुटगार्टकर

माझ्याकडे हाच रेडिएटर आहे, म्हणून दोन गोष्टी. मी तो सुरुवातीला बाल्कनीत ठेवायचा विचार करत होतो, पण इथे हिवाळ्यात पाणी खोलीतल्या दवबिंदूच्या (हवेतली वाफ पाणी होऊन जमते त्या तापमानाच्या) खाली गेलं असतं आणि ब्लॉकवरच थेंब जमले असते. तुमच्याकडे उलटी अडचण. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर 45 असताना पाणी 55 च्या वर जाईल. डी5 साठी 60 ही मर्यादा देतात, पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास नरमायला लागतात. तेव्हा सावलीतला पॅसेज ही निवड बरोबर आहे, बाल्कनीचा मोह नको.

पंखे मात्र पाण्याच्या तापमानावर चालवा, प्रोसेसरच्या नाही. सेन्सर स्वस्त आहे. तो नसेल तर पंखे सारखे वरखाली होतात आणि शांततेसाठी घातलेले पैसे वाया जातात.

पिंपरी_फिटर

गळतीची भीती मोठी करून सांगतात. पाणी भरायच्या आधी हवेच्या छोट्या पंपाने अर्धा बार दाब द्या, अर्धा तास काटा हलला नाही तर लूप घट्ट आहे. मग मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप फिरवा, सांध्यांखाली टिश्यू पेपर. नळी जोडायचे जी1/4 आट्यांचे फिटिंग हाताने आवळायचे, पान्हा लावला की आतली रबरी ओ-रिंग चेपते आणि तिथूनच गळतं. आयुष्य पाइपांत गेलंय, हे घरच्या नळाच्या कामाहून अवघड नाही.

रेडिएटर तांब्याचा तर बाकी सगळं तांब्या-पितळेचं किंवा निकेल चढवलेलं. ॲल्युमिनियमचा एकही तुकडा नको, सडतो. आणि 'पाणी आधी कार्डाला की आधी प्रोसेसरला' हा वाद तर बंदच करा. मिनिटाला चार लिटर प्रवाह असेल तर 800 वॅटने पाणी एका फेरीत तीन अंशही चढत नाही. नळी जिथे सरळ जाईल तिथे न्या.

भाऊ, पाणी कुठलं भरणार ते लिहिलं नाहीत.

ठाणे_पश्चिम

पाण्याला कशाला पैसे? एसीचं टपकणारं पाणी बादलीत धरा. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत वर्षानुवर्षं तेच घालतोय. टीडीएस मीटरवर जवळपास शून्य. डिस्टिल्डच्या नावाखाली दुकानदार काय विकतात देव जाणे.

बुरेट

कृपा करून हे कोणी करू नका. मी लॅबमध्ये काम करते, पाण्याचे नमुने रोज हाताखालून जातात.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. बुरशी, जंतू, धुळीतलं सेंद्रिय द्रव्य त्याला दिसत नाही. एसीचं पाणी ॲल्युमिनियमच्या पात्यांवर आणि तांब्याच्या नळ्यांवर जमतं, धूळ घेऊन ट्रेमध्ये पडतं. तो ट्रे कधी उघडून पाहिलात? त्यावरचा बुळबुळीत थर म्हणजे काय हे सांगायला नको. बॅटरीत ते खपतं, कारण आत गंधकाम्ल आहे, त्यात काही जगत नाही. लूपमध्ये चाळीस अंशांचं कोमट पाणी महिनोन्महिने फिरणार. ब्लॉकमधल्या पात्यांच्या फटी मिलिमीटरच्याही आत असतात. तिथे शेवाळाचा एक पुंजका अडकला की प्रवाह गेला.

ठाणे_पश्चिम

ताई, लॅबमधलं ज्ञान लॅबमध्ये ठेवा. माझी बॅटरी अजून उभी आहे. तुमच्या म्हणण्याने ती मरायला हवी होती.

बुरेट

मी नेमकं उलटं लिहिलं. बॅटरीत चालेल असंच लिहिलंय. पूर्ण वाचून मग भांडा.

पौड_फाटा

लूपची हीच गंमत मला नको आहे. पंखा लावला की संपलं, इथे आता पाण्याचं रसायनशास्त्र सुरू झालं.

पिंपरी_फिटर

गॅरेजवर मिळतं ते सीलबंद डिस्टिल्ड आणि त्यात गाडीचं कूलंट थोडं मिसळायचं. मी दुसऱ्यांच्या मशीनला हेच केलंय, उघडल्यावर तांबं स्वच्छ निघालं.

बुरेट

गॅरेजच्या बाटलीवर 'डिस्टिल्ड' लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा ते आयन काढलेलं, म्हणजे डीमिनरलाइज्ड असतं. त्याने क्षार जातात, जंतू जातीलच असं नाही. पण सीलबंद असेल तर सुरुवात म्हणून चालेल, कारण शुद्ध पाणीही पहिल्या दिवसापासून धातू विरघळवत जातं. शुद्ध म्हणजे वीजरोधक, हा भरवसा फार टिकत नाही. खरी गरज आहे ती गंजरोधक आणि जंतुनाशकाची. तांब्यासाठी बेंझोट्रायझोल हे नेहमीचं.

गाडीच्या कूलंटमध्ये गंजरोधक असतो हे मान्य करावं लागेल, आणि ग्लायकॉल पुरेसं असेल तर वाढही रोखली जाते. पण ग्लायकॉल वाढवलं की पाण्याची उष्णता वाहायची ताकद घटते आणि पंपाला दाट द्रव ढकलावा लागतो. शिवाय इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उरलेली बाटली ओट्याखाली ठेवू नका. घरच्या आरओचं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार राहतातच.

ठाणे_पश्चिम

ठीक आहे, लूपमध्ये एसीचं पाणी नको. पण दुकानातलं 'स्पेशल' कूलंट म्हणजे लूट आहे, लिटरला काय भाव लावतात ते पाहा. यावर कोणी बोलत नाही.

बुरेट

भावाबद्दल तुमचं बरोबर आहे. तयार मिश्रणाऐवजी कॉन्सन्ट्रेट घ्या, तेच डिस्टिल्डमध्ये मिसळून बरंच स्वस्त पडतं. रंगीत आणि दुधी दिसणारं कूलंट घेऊ नका, त्यातले कण खाली बसतात.

ऑरेंज_सिटी

कॉन्सन्ट्रेटच घेतो, बिनरंगाचं. ईपीडीएम नळ्या निवडण्याचं कारणही तेच. पारदर्शक पीव्हीसी नळीतला, ती मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर निघून ब्लॉकमध्ये बसतो. हमीपत्र यांचं ऐकून विक्रेत्याला ईमेल टाकलंय. लेखी उत्तर आल्याशिवाय कार्ड उघडणार नाही.

पौड_फाटा

उष्णता खोलीबाहेर न्यायची असेल तर पाण्याला पर्याय नाही, इथवर येतो. माझ्या प्रतिसादात हा विचार नव्हता कारण मी पाहिलेल्या एकाही कस्टम लूपवाल्याने तो केलेला नाही. सगळ्यांचे रेडिएटर त्याच खोलीत, काचेमागे. त्यांच्याबाबत 'माज' हा शब्द मी मागे घेत नाही. आणि तुम्हीही रेंडर नसेल त्या दिवशी 430 ला उतरा. विजेचं बिल महावितरणला भरायचंय.

ऑरेंज_सिटी

रेंडर नसेल तेव्हा उतरवेन, यात वाद नाही.

फिटरभाऊ, शेवटचं विचारतो. भिंत नऊ इंची विटेची. भोक केवढं मारू? दोन नळ्या, पंख्यांची आणि सेन्सरची वायर जायची आहे.

पिंपरी_फिटर

नळी बाहेरून 16 ची, पण डिस्कनेक्टचं डोकं त्याहून जाड. नळ्या ओवून नंतर फिटिंग चढवणार असाल तर 50 मिलिमीटरचं भोक पुरेल. फिटिंगसकट काढता-घालता यायला हवं असेल तर 63 चा पीव्हीसी पाइपच बसवून घ्या, पॅसेजकडे किंचित उतार देऊन, म्हणजे कधी थेंब सुटलाच तर मशीनकडे येणार नाही. दोन्ही तोंडांना फोम कोंबा, नाहीतर पाली आणि झुरळं आत येतील. आणि भोक मारायच्या आधी त्या भिंतीतून वायरिंगची पट्टी कुठून गेली आहे ते बघा.