मदत हवी आहे: 'अँग्विश'ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. वेदनाशमनावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय आणि एका परिच्छेदात अडकलेय. त्यात पेन, सफरिंग, डिस्ट्रेस, अ‍ॅगनी आणि अँग्विश हे पाचही शब्द शेजारी शेजारी आलेत, आणि ते मुद्दाम वेगळे ठेवलेत. शब्दकोश उघडला की सगळ्यांपुढे 'दुःख, वेदना, यातना' हेच.

पेनला वेदना, इथवर ठीक. सफरिंगच्या मुळाशी लॅटिनमधलं 'खालून भार पेलणं' आहे, म्हणून 'भोग' चपखल वाटतो. फक्त त्याला प्रारब्धाचा वास येतो, तो मला नकोय. अ‍ॅगनी ग्रीकमधल्या झुंजीवरून आलेला, तिथे 'तडफड' घ्यावं का?

खरी पंचाईत अँग्विशची. त्याचं मूळ लॅटिन 'अंगुस्तिया', म्हणजे अरुंदपणा, कोंडी. अँग्झायटी त्याच कुळातला. लेखातला प्रसंग असा: रुग्णाचं दुखणं औषधाने थांबलंय, पण मुलांचं पुढे कसं होणार या विचाराने रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इथे 'मनस्ताप' लिहिलं तर शेजाऱ्याशी भांडण झाल्यासारखं वाटतं. 'घालमेल' हलकं, 'व्यथा' फारच काव्यमय. 'जिवाची तगमग' त्यातल्या त्यात बरं, पण वैद्यकीय लेखात चालेल का?

डिस्ट्रेससाठीही 'त्रास'पेक्षा नेमकं काही असेल तर सांगा. परिभाषा कोशातले घडीव शब्द मात्र नकोत. रुग्णाच्या नातेवाइकांना वाचताक्षणी कळायला हवं.