पुण्यात रोज 45 किमी, महिन्यातून एकदा चिपळूण: ईव्ही, हायब्रिड की सीएनजी?

धागाकर्ता: सिंहगड_रोड

नवीन गाडी घ्यायची आहे. जाणकारांनी मत द्यावं. गरज अशी:

रोजचं जाणं-येणं 45 किमी, सगळं शहरातलं, सिग्नल आणि गर्दीचं. महिन्यातून एकदा चिपळूण. सातारा-उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाट असा रस्ता, एका बाजूने 240 किमीच्या आसपास. म्हणजे महिन्याला साधारण 1500 किमी. माणसं चार, सामान भरपूर. ऑटोमॅटिकच हवी. बजेट ऑन-रोड 18 लाख, फार तर थोडं वर. गाडी किमान आठ वर्षं ठेवणार.

सोसायटीत बेसमेंटला स्वतःची पार्किंग आहे, मीटर रूमपासून 40 मीटरवर. चिपळूणच्या घरी 15 अँपिअरचं सॉकेट आहे. शोरूमवाले ज्याच्या-त्याच्या गाडीचं गुणगान करतात, त्यामुळे आकड्यांसकट उत्तर मिळालं तर बरं.

हिशेबी

आधी इंधनाचा हिशेब. पेट्रोल 104 रुपये लिटर, सीएनजी 90 रुपये किलो आणि वीज 10 रुपये युनिट धरतो. तुमच्याकडचे दर घालून पुन्हा गुणाकार करा.

पेट्रोल ऑटोमॅटिक, 14 किमी/लिटर: महिन्याला 107 लिटर, 11,100 रुपये.
स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत मोटर, थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालते), 21 किमी/लिटर: 71 लिटर, 7,400.
सीएनजी, 22 किमी/किलो: 68 किलो, 6,100.
ईव्ही: किलोमीटरला 0.14 युनिट बॅटरीतून जातं. चार्जिंगमध्ये बारा टक्के वाया जातं म्हणून भिंतीतून 0.16. महिन्याला 240 युनिट, 2,400.

हायब्रिड पेट्रोलपेक्षा अडीच लाखांनी महाग धरली तर महिन्याच्या 3,700 च्या बचतीत ते पैसे साडेपाच वर्षांनी फिटतात. आठ वर्षं ठेवणार असाल तर जमतं, पण पाच वर्षांत विकायची असेल तर जमत नाही.

आता कर. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी 18 टक्के जीएसटीत आहे. त्यावरची सगळी 40 टक्क्यांत, मग ती हायब्रिड का असेना. हायरायडर आणि ग्रँड विटारा या स्ट्राँग हायब्रिड 1490 सीसीच्या, लांबीही चार मीटरपेक्षा जास्त, म्हणून 40. ईव्हीला 5 टक्केच. शिवाय महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के मोटार वाहन कर. 16 लाखांच्या हायब्रिडवर हेच जवळपास 1.9 लाख होतात. ईव्हीला हा कर माफ आहे. म्हणून एक्स-शोरूम किमतीची तुलना करूच नका, दोन्हीचं ऑन-रोड कोटेशन शेजारी ठेवा. स्ट्राँग हायब्रिडचं सगळ्यात खालचं व्हेरिएंटसुद्धा तुमच्या 18 लाखांच्या पलीकडे जाण्याची शक्यता दाट आहे.

टोलमाफीच्या नावाखाली ईव्ही विकतील, तिथे सावध राहा. माफी अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आणि समृद्धीवर आहे. तुमच्या वाटेवरचे खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे राष्ट्रीय महामार्गाचे नाके, तिथे टोल भरावाच लागेल. त्यासाठी सुमारे 3000 रुपयांचा, 200 फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास कुठल्याही खासगी गाडीला मिळतो.

ईव्ही कर्जाच्या व्याजावरची आयकरातली 80-ईईबी वजावट 31 मार्च 2023 नंतर मंजूर झालेल्या कर्जांना नाही. काही सेल्समन अजून ती सांगतात.

फेज_न्यूट्रल

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नात गाडीपेक्षा ते 40 मीटर महत्त्वाचे आहेत. पार्किंगमध्ये नीट प्लग मिळत असेल तर ईव्हीचा विचार करा, नसेल तर तिथेच थांबा. फक्त सार्वजनिक फास्ट चार्जरवर गाडी चालवायची तर युनिटला 18 ते 25 रुपये मोजावे लागतात. मग हायब्रिडपेक्षा होणारी बचत निम्म्याच्या आसपास येते आणि रांगेत उभं राहायचं ते वेगळंच.

7.2 किलोवॅटचा चार्जर लावावाच लागतो हा गैरसमज आहे. रोजच्या 45 किमीला भिंतीतून सात-एक युनिट लागतात. साध्या 15 अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरवर हे अडीच तासांत भरतं. रात्री अकराला लावलं की दीडला संपलं.

त्यासाठीची वायरिंग मात्र चोख हवी:

चार्जिंगची लाइन स्वतंत्र, मीटरपासून थेट. त्यावर दुसरं काही नाही. 40 मीटरसाठी 4 चौरस मिमी तांब्याची केबल, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि 30 मिलिअँपिअरचा टाइप-ए आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). उद्या 7.2 किलोवॅट लावायची शक्यता असेल तर केबल आत्ताच 10 चौरस मिमीची टाका. 32 अँपिअरला 40 मीटरवर 6 च्या केबलमध्ये सुमारे 8 व्होल्ट पडतात, 10 च्या केबलमध्ये पाचच्या आत. केबलच्या फरकापेक्षा पुन्हा ट्रे उघडायची मजुरी जास्त होते.

सॉकेट हा सगळ्यात कच्चा दुवा. घरात गिझरला लावतो ते मॉड्यूलर सॉकेट रोज तीन-तीन तास 13-15 अँपिअर सोसत नाही. आतली पकड सैल होते, तिथे उष्णता होते आणि प्लास्टिक वितळतं. जाड पितळी पकडीचं 16 अँपिअरचं हेवी-ड्यूटी सॉकेट लावा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट चालेल, पण चटका बसला तर तारेचा स्क्रू सैल आहे किंवा सॉकेट हलकं आहे. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही.

अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंगच नाकारते. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. तो दहा-बारा निघाला तर चार्जर लाल दिवा दाखवेल, मग लोक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात आणि तिथे ती व्यवस्थित चार्ज होते. दोष सोसायटीच्या जुन्या, सुकलेल्या अर्थिंग पिटात असतो.

बिलाचं एक. घरगुती दर टप्प्यांचा आहे: 100 पर्यंत, 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि पुढे. घराचे 220 युनिट असतील आणि गाडीचे 200 त्यात पडले, तर तुम्ही तीनशेच्या वरच्या टप्प्यात जाता आणि गाडीची निम्म्याहून जास्त वीज त्या महाग दराने मोजली जाते. महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळी जोडणी घेता येते. अर्ज करण्याआधी दोन्हींचा स्थिर आकार धरून गणित करा. घराच्याच मीटरवर घेणार असाल तर मंजूर भार वाढवून घ्या. 32 अँपिअरचा चार्जर, एसी आणि गिझर एका सिंगल फेजवर एकदम चालणार नाहीत, तेव्हा थ्री फेज लागेल.

सोसायटीला अर्ज देताना नुसतं "चार्जर लावू द्या" लिहू नका. परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा सिंगल-लाइन आराखडा, केबलचा मार्ग, एमसीबी-आरसीसीबीचे तपशील आणि "खर्च माझा, वीज माझ्या मीटरची" हे वाक्य जोडा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, त्याचा उल्लेख करा. कमिटीचा बहुतेक विरोध "कॉमन मीटरवर बोजा" या धास्तीतून येतो.

बोनेटखाली

वरचं सगळं मान्य, पण हायब्रिड इतक्या झटपट बाद करू नका. दर महिन्याला कोकणात उतरायचं आहे, पावसाळ्यात तिकडे वीज रात्र-रात्र नसते.

पहिली गोष्ट, "हायब्रिड" शब्दावर जाऊ नका. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, इंजिन बंद असताना गाडी हलत नाही. मायलेज किरकोळ वाढतं. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद ठेवून ही गाडी पार्किंगमधून बाहेर निघते का?

हायरायडर-ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी जेमतेम 0.76 युनिटची आहे. ती साठवणीसाठी नाही, ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती पकडून पुढच्या सिग्नलला वापरण्यासाठी आहे. म्हणून तिचा खरा फायदा गर्दीत. जाहीर 27.97 किमी/लिटरचा आकडा विसरा. शहरात 21-24, महामार्गावर शंभरच्या वर गेलात की 18 च्या आसपास. ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे दोन्हीकडे थोडं कमीच धरा, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने ऊर्जा कमी असते.

यांत्रिकदृष्ट्या ही रचना मजबूत आहे. पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाही, प्लॅनेटरी गिअर आहे. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडायला वस्तूच कमी. बॅटरीला 8 वर्षं किंवा 1.6 लाख किमीची वॉरंटी. देखभालीत लोक एक गोष्ट विसरतात: बॅटरी थंड करणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तिथे पिशव्या-चादरी कोंबल्या किंवा धूळ साचली की पंखा घोंघावतो, बॅटरी तापते आणि मायलेज उतरतं. दर सर्व्हिसला ती जाळी साफ करून घ्या.

तोटे दोन. डिकी 265 लिटरची, साध्या व्हेरिएंटची 373. चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या एकदम मावणार नाहीत. आणि कुंभार्ली चढताना छोटी बॅटरी लवकर रिकामी होते, मग तीन सिलिंडरचं इंजिन वरच्या आवाजात ओरडत राहतं. गाडी चढते, पण मजा नाही. उतरताना गिअर लिव्हरचा "बी" (ब्रेकिंग) मोड वापरा. बॅटरी भरली की मोटरचा ब्रेक संपतो, पुढचं काम इंजिन करतं, नाहीतर सगळा भार ब्रेक पॅडवर येतो.

सीएनजी तुमच्यासाठी नाही असं माझं मत. सामान भरपूर, ऑटोमॅटिकची अट, घाट. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी).

सिंहगड_रोड

खूप आभार. कमिटीच्या दोघांशी बोललो, आराखडा दिला तर हरकत नाही म्हणतात. मग ईव्ही घेतली तर चिपळूण एका दमात होईल का? नेक्सॉन ईव्ही 45, विंडसर 38 आणि क्रेटा इलेक्ट्रिक 42 या डोळ्यासमोर आहेत (आकडे बॅटरीच्या युनिटांचे). विंडसरची बॅटरी भाड्याने घेतली तर बजेटमध्ये सहज बसते.

फेज_न्यूट्रल

जाहीर रेंजला (पूर्ण चार्जवर कंपनी सांगते ते किमी) 0.6 ने गुणा, महामार्गाचा आकडा मिळतो. नेक्सॉनचे 489 म्हणजे 290, क्रेटाचे (लाँचवेळचे) 390 म्हणजे 235, विंडसर 38 चे 332 म्हणजे 200. एका दमात पहिलीच.

जाताना आणि येताना खर्च सारखा नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, चिपळूण जवळजवळ समुद्रपातळीला. माणसांसकट 1900 किलोची गाडी 550 मीटर वर न्यायला 2.85 युनिट लागतात, मोटरचं नुकसान धरून 3.2. उतरताना त्यातली साठ टक्के परत येतात. 80-90 च्या वेगाने, एसीसकट, 240 किमीला जाताना 33 युनिट, येताना 38. वापरता येणारे 43 धरले तर जाताना 23 टक्के उरतील, येताना 11-12. म्हणून परतीच्या वाटेवर कऱ्हाड-सातारा पट्ट्यात 15-20 मिनिटं फास्ट चार्जिंग धरूनच निघा. ठिकाण आदल्या दिवशी ॲपवर बघा, दोन मशिनं असलेलं निवडा. सगळीकडे या गाड्यांना बसणारा सीसीएस-2 प्लगच आहे, त्याची काळजी नको.

परतताना पहिल्या तीसेक किमीत, घाट चढेपर्यंत, स्क्रीनवरची रेंज धडाधड उतरते. घाबरू नका, गाडी चढाचाच खर्च पुढे लावून दाखवत असते. कोयनानगरच्या पुढे आकडा सावरतो. बॅटरीचे किती टक्के खर्च झाले ते बघा, किलोमीटर नाही.

चिपळूणला 15 अँपिअरवर 22 ते 100 टक्के व्हायला साडेतेरा तास लागतील, व्होल्टेज 200 च्या खाली असेल तर आणखी. एका रात्रीत होत नाही, दोन मुक्काम हवेत. त्या घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असेल तर तो आधी वाढवा आणि अर्थिंग तपासा. खेड्यातल्या ईव्हीच्या निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

हिशेबी

बॅटरी भाड्याबद्दल: ते भाडं कमी आणि फायनान्स कंपनीचा करार जास्त आहे. किलोमीटरमागे दर आणि महिन्याला किमान किलोमीटर अशी अट असते. अट 1500 किमीची आणि दर साडेतीन रुपये असेल तर गाडी उभी राहिली तरी 5,250 द्यावे लागतील. विजेचे 2,400 मिळवले की हायब्रिडच्या पेट्रोलइतकाच खर्च. आठ वर्षं ठेवणाऱ्याने बॅटरीसकटच घ्यावी. नेक्सॉन 45 ला पहिल्या मालकासाठी बॅटरीची 15 वर्षं वॉरंटी आहे, पण अटींचं पान वाचा.

विमा घेताना झिरो-डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा) बरोबर बॅटरी आणि चार्जरचं कव्हर लिहून घ्या. साचलेल्या पाण्याचं नुकसान त्यात धरलंय का, ते नावानिशी विचारा. थर्ड-पार्टी हप्त्यात ईव्हीला 15 टक्के सूट असते, ती कोटेशनमध्ये दिसली पाहिजे.

बोनेटखाली

ईव्हीच घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर नको, कात्रज घाटात मागा. चौघं बसा. मागच्या सीटवर गुडघे वर येतात का बघा. बॅटरी खाली असल्याने बऱ्याच ईव्हींत तळ उंच असतो आणि चार तासांनी मांड्या दुखतात. मोठ्या स्पीडब्रेकरवरून भरलेली गाडी नेऊन बघा, खाली घासते का.

डिलिव्हरीआधी: चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना, चार्ज किती आहे, सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, आणि सोबतच्या पोर्टेबल चार्जरने तिथल्याच सॉकेटवर दहा मिनिटं चार्ज करून दाखवा म्हणावं. घरचा एसी चार्जर किमतीत आहे की वेगळा, हे बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या.

एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी असेल (नेक्सॉन, विंडसर) तर आठवड्यातून एकदा पूर्ण 100 करा, नाहीतर टक्केवारी चुकीची दाखवायला लागते. क्रेटाची एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), ती रोज 80 वर थांबवलेली बरी. घाट उतरायच्या आधी मात्र कुठलीच 100 ठेवू नका, रिजन (उतारावर मोटरने ब्रेक लावून बॅटरी भरणं) चालत नाही.

आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी ईव्हीतही असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. तीन वर्षांनी दरवर्षी तपासा आणि डिकीत जंपर केबल ठेवा.