हिरव्या गाडीला टॅन शोभतो, पण आधी इंजिन बघा

भाऊ, गडद हिरव्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० बाइकला चामड्याचं सीट काळं करावं की टॅन, म्हणजे पिवळसर तपकिरी, असं तुम्ही विचारलंय. इथं उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी काळंच सांगितलंय. माझं मत टॅन.

रंग नुसता टाकीला जुळवू नका. इंजिन आणि सायलेन्सर क्रोमचे असतील तर टॅन खुलून दिसतो. सगळं काळं असेल तर गडद चॉकलेटी घ्या. हँडलच्या ग्रिपही त्याच रंगाच्या करा, नाहीतर सीट उसनं आणल्यासारखं दिसतं.

दुसरं म्हणजे आपलं ऊन. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. दुपारी उन्हात उभ्या गाडीचं काळं सीट अक्षरशः चटके देतं. टॅनही तापतं, पण कमी. मात्र क्रीम रंगाच्या वाटेला जाऊ नका. त्यावर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडतो आणि नव्या जीन्सचा निळा रंगही उतरतो.

कुशनवाल्याकडून चामड्याचा तुकडा मागून घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता भर उन्हात टाकीवर ठेवून बघा. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरून डाग पडला तर ते चामडं वापरानं, तेलपाण्यानं आणखी गडद होत जाणार, तेव्हा एक छटा फिकी निवडा. थेंब वरच राहिला तर वर रंगाचा थर आहे. रंग फारसा बदलणार नाही.

शिलाईचा दोरा टाकीवरच्या सोनेरी रेघेशी जुळवा. एवढ्यानं गाडीचा तोरा वाढतो.